आखाड्याची बखर आणि विद्यापीठ

खेळांचा इतिहास दोन जागीं घडत असतो. एक मैदानावर आणि दुसरा कागदावर. मैदानावरचा इतिहास दिवस मावळतांच संपतो. प्रेक्षक आपापल्या घरीं जातात, उखळलेली माती पुन्हां सारखी करण्यांत येते, आणि तेथें काल काय घडलें याची खूणहि दुसऱ्या दिवशीं राहत नाहीं. कागदावरचा इतिहास मात्र टिकतो. ज्या खेळाला चांगला लिहिणारा लाभला त्याचे वीर चार पिढ्यांनंतरहि ओळखीचे वाटतात. ज्याला तो लाभला नाहीं त्याचे वीर स्वतःच्या गांवच्या पारावरहि दोन पिढ्यांत विसरले जातात.

मुलाला किंवा मुलीला पत्रकारिता शिकावयाची आहे, आणि त्यांतहि खेळांची पत्रकारिता, अशी गोष्ट घरांत निघाली म्हणजे वडीलधाऱ्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : खेळावर लिहावयाला विद्यापीठ कशाला हवें? हा प्रश्न अगदींच गैर नाहीं. मराठींत खेळांविषयीं लिहिणाऱ्या जुन्या पिढीपैकीं बहुतेकांनीं ही विद्या कोणत्याहि वर्गांत बसून घेतलेली नव्हती. परंतु या प्रश्नाचें उत्तर पुण्यामुंबईच्या क्रीडागृहांत शोधण्यापेक्षां पुणें जिल्ह्याच्या पूर्व अंगाला, बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत शोधलें, तर तें अधिक स्पष्टपणें हातीं येतें.

कऱ्हेच्या कांठचें बारामती आणि नीरा-भीमा या दोन नद्यांच्या मध्यें पसरलेला इंदूपूरचा नव्हे, इंदापूरचा मुलूख, हा मूळचा कमी पावसाचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा या भागांतून वाहूं लागला, उंसाचे मळे उभे राहिले, गुऱ्हाळांच्या मागोमाग साखरेचे कारखाने आले, आणि इंदापूर तालुक्यांत वालचंद हिराचंद यांच्या उद्योगानें वालचंदनगर वसलें. परंतु येथील खेळाची हौस कालव्याच्या पाण्याहून पुष्कळच जुनी आहे. तुकोबांची पालखी आषाढांत याच वाटेनें पंढरीस जाते. काटेवाडीस मेंढ्यांचें रिंगण होतें, बेलवाडीस अश्वांचें गोल रिंगण होतें, आणि पुढें इंदापुरांतहि रिंगण होतें. भक्तीचा सोहळा खरा. पण वर्तुळाकार धांवणाऱ्या अश्वाची गति, त्याचा पल्ला, वळणावर त्याचें झुकणें हें सारें टिपणारी हजारों माणसांची नजर त्या सोहळ्यांत तयार होत आलेली आहे.

हीच नजर यात्रेच्या दिवसांत कुस्तीच्या आखाड्याभोंवतीं बसते. ग्रामदैवताच्या यात्रेंत कुस्त्यांचा हगामा भरला नाहीं तर यात्रा झाली असें गांवाला वाटत नाहीं. प्रथम लहान मुलांच्या कुस्त्या लागतात, त्या नारळावर किंवा मूठभर रेवड्यांवर. मग इनामाची रक्कम चढत जाते, तशी जोड भारी होत जाते. हलगी कडाडत असते. जोड लावणारे जाणते लोक पोरांच्या दंडाकडे आणि मानेकडे पाहून कोणाचा हात कोणाच्या हातांत द्यावयाचा तें ठरवितात. पंच मातींत उतरतात, शड्डू घुमतो, आणि धोबीपछाड, ढाक, कलाजंग, घिस्सा, एकेरी पट हे शब्द गर्दींतल्या दहा वर्षांच्या पोराच्याहि तोंडून सहज बाहेर पडतात. शेवटची मोठी कुस्ती निकालीं झाली तर फेटे उडतात. बरोबरींत सुटली तर वाद घरापर्यंत जातात.

आतां या सर्व प्रकारांत लेखणीचें काम कोठें असतें तें पाहण्यासारखें आहे. वही असते. तींत वर्गणीदारांचीं नांवें व रकमा पै न चुकतां मांडलेल्या असतात. कोणत्या कुस्तीला किती इनाम दिलें तेंहि लिहिलेलें सांपडतें. पण ती कुस्ती किती वेळ चालली, प्रथम कबजा कोणी घेतला, कोणत्या डावावर कोण उलटला आणि तो डाव त्यानें कोणत्या वस्तादापाशीं घेतला, याची वही बहुधा नसते. म्हणजे खर्चाचा इतिहास राहतो आणि खेळाचा जातो.

ही उणीव लेखनशक्तीच्या अभावामुळें झाली असें म्हणतां येणार नाहीं. मोरोपंतांसारखा कवि अठराव्या शतकांत याच बारामतींत बाबूजी नाइकांच्या आश्रयानें राहिला आणि १७९४ सालीं येथेंच निवर्तला. त्यांनीं सारें महाभारत आर्यावृत्तांत आणलें. त्या महाभारतांत भीम आणि जरासंध यांचें मल्लयुद्ध आहे, विराटाच्या नगरींत भीमानें जीमूत नांवाच्या मल्लाला लोळविल्याची कथा आहे. मल्लविद्येचें वर्णन हा आपल्या वाङ्मयाला परका विषय नव्हता. पण तें वर्णन देवादिकांचें आणि राजांचें झालें. नीरेकांठच्या एखाद्या मेंढपाळाच्या किंवा माळ्याच्या मुलानें यात्रेंत गाजविलेली कुस्ती कवीच्या कक्षेंत येण्याचें कारण नव्हतें. तें काम वृत्तपत्राचें होतें, आणि वृत्तपत्र अद्याप जन्मास यावयाचें होतें.

बाळशास्त्री जांभेकरांचें 'दर्पण' १८३२ च्या जानेवारींत निघालें, पुण्याचा 'ज्ञानप्रकाश' १८४९ सालीं, आणि 'केसरी' १८८१ सालीं. या पत्रांचा मुख्य व्यवसाय समाजसुधारणा आणि राजकारण हा होता. खेळाची बातमी आली तरी ती राष्ट्रीय उत्थानाच्या किंवा शरीरसंवर्धनाच्या अंगानें येई. पुढें गोऱ्या लोकांच्या संगतीनें क्रिकेट पुण्यामुंबईंत रुजलें, त्याला प्रथम 'चेंडूफळी' असें घरगुती नांव मिळालें, आणि त्याचा वृत्तांत मराठींत द्यावयाचा म्हणजे शब्द कोठून आणावयाचे, असा पेंच लिहिणाऱ्यांपुढें उभा राहिला. तो त्यांनीं ज्या रीतीनें सोडविला तिचें कौतुक करावें तेवढें थोडें. तोफखान्यांतून गोलंदाज आला. संस्कृतांतील यष्टीपासून यष्टिरक्षक झाला. सहा चेंडूंचें षटक झालें. आणि गडी बाद होण्याच्या प्रकारांना नांवें देतांना हे लेखक थेट आखाड्यांत शिरले. त्रिफळाचीत, पायचीत, यष्टिचीत या तिन्ही शब्दांतील 'चीत' हा कुस्तींतला आहे. पाठ मातीला लागली म्हणजे मल्ल चीत होतो. इंग्रजांचा खेळ मराठींत सांगतां आला तो असा लाल मातीच्या भांडवलावर. पुढें मात्र वर्तमानपत्रांचे रकाने क्रिकेटला भरभरून मिळाले, आणि ज्याचा शब्द घेतला त्या कुस्तीच्या वांट्याला निकालाच्या चार ओळी आल्या.

त्या खेळाबरोबर आणखी एक वस्तु आली. ती म्हणजे धांवांची वही. क्रिकेटमध्यें प्रत्येक चेंडूची खूण कागदावर होते. तिचा परिणाम किती दूरवर पोंचतो याचें उदाहरण बारामतीशीं नातें असलेल्या एका खेळाडूचेंच आहे. सदाशिव ऊर्फ सदू शिंदे हे महाराष्ट्राचे फिरकी गोलंदाज. ते १९४६ ते १९५२ या काळांत भारताकडून सात कसोटी सामने खेळले आणि १९५५ सालीं अगदीं तरुण वयांत वारले. बारामतीचे शरद पवार हे त्यांचे जांवई. पुढें पवार २००५ ते २००८ भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे आणि २०१० ते २०१२ आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष झाले. १९५१ च्या नोव्हेंबरांत दिल्लीस इंग्लंडविरुद्ध शिंदे यांनीं एका डावांत ९१ धांवांत ६ गडी बाद केले. सत्तर वर्षें उलटून गेलीं तरी हा आंकडा कोणालाहि क्षणांत सांपडतो. त्याच १९५१ सालीं इंदापूर तालुक्यांतल्या यात्रांत ज्या मल्लानें मोठी कुस्ती मारली असेल त्याचें नांव, त्याचा डाव, त्याचा प्रतिस्पर्धी यांपैकीं काय सांपडतें? ज्यांनीं ती पाहिली ते बहुतेक गेले, आणि त्यांच्याबरोबर ती कुस्तीहि गेली.

तथापि आंकडे ठेवले म्हणजे काम संपलें, असें समजणेंहि चुकीचें होईल. पुण्याच्या क्रिकेटच्या इतिहासांतील सर्वांत बोलकी कथा पळवणकर बाळू यांची आहे. चांभार कुटुंबांत जन्मलेला हा डावखुरा गोलंदाज प्रथम पुण्यांत गोऱ्यांच्या क्लबांत मैदानाची निगा राखी आणि साहेबांना सरावासाठीं चेंडू टाकी. त्याचा हात पाहून हिंदूंच्या संघानें त्याला घेतलें. परंतु खेळाच्या मध्यंतरांत त्याचा चहा मंडपाबाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यांतून येई. १९०६ सालीं मुंबईस हिंदु संघानें युरोपियनांचा पराभव केला त्यांत बाळूंचा मोठा वांटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यांत त्यांनीं ११४ बळी घेतले. हे ११४ बळी वहींत आहेत. मातीचें भांडें वहींत नाहीं. तें जाणावयाला केवळ मोजणारा पुरत नाहीं, पाहणारा आणि लिहिणारा लागतो. मुंबईच्या 'इंडियन सोशल रिफॉर्मर' पत्रानें १९०६ च्या विजयाचा अर्थ जातिभेदाच्या प्रश्नाशीं जोडून दाखविला, तेव्हां खेळाची बातमी हा समाजाच्या इतिहासाचा भाग झाला. बाळूंचे धाकटे बंधु विठ्ठल १९२३ सालीं हिंदु संघाचे कर्णधार झाले. त्यांनीं १९४८ सालीं 'माझें क्रीडा-जीवन' हें आत्मचरित्र मराठींत प्रसिद्ध केलें. पुढें रामचंद्र गुहा यांनीं भारतीय क्रिकेटचा सामाजिक इतिहास इंग्रजींत लिहिला आणि तो २००२ सालीं निघाला, त्या वेळीं हें लहानसें मराठी पुस्तक त्यांच्या फार उपयोगीं पडलें. तें लिहिलें गेलें नसतें तर एका थोर कुटुंबाची कहाणी जगाला अर्धीच कळली असती.

याच्या उलट बाजूचें उदाहरण कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचें आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें ते सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठीं पैसा उभा करावयाचा तर गांवोगांव वर्गणी झाली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकलें. खाशाबांनीं कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारताला कोणा एका खेळाडूनें मिळवून दिलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. परंतु त्याच हेलसिंकींत हॉकीच्या संघानें सुवर्णपदक जिंकलें होतें आणि देशाचें लक्ष त्या संघाकडे लागलें होतें. असें दुसरें वैयक्तिक पदक भारताला १९९६ सालापर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षें मिळालें नाहीं. तरीहि खाशाबा १९८४ सालीं अपघातांत वारले तोंपर्यंत त्यांना अर्जुन पुरस्कार मिळालेला नव्हता. तो मरणोत्तर देण्यांत आला. सरकारी उपेक्षेला अनेक कारणें असतील; पण ज्याच्याविषयीं सतत लिहिलें जातें त्याला विसरणें सरकारलाहि अवघड जातें, हें नाकारतां येत नाहीं.

असें असलें तरी मराठी माणसानें देशी खेळांची लेखी नोंद ठेवण्याचा प्रयत्नच केला नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. बडोद्यास दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनीं 'व्यायामज्ञानकोशा'चे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळांत सिद्ध केले. कुस्ती, मल्लखांब, लाठी, दांडपट्टा, देशी मैदानी खेळ यांची एवढी व्यवस्थित मांडणी त्यापूर्वीं कोणी केली नव्हती. पण ज्ञानकोश हा विद्येचा सांठा होय. रोजची वार्ता देणें हें त्याचें काम नव्हे. डाव कसा मारावा हें कोशांत सांपडतें. अमुक दिवशीं अमुक मल्लानें तो कसा मारला हें सांगावयाला बातमीदारच पाहिजे.

हा बातमीदार मराठींत हळूहळू घडत गेला. १९३४ सालीं मुंबईच्या क्रिकेट सामन्यांचा धांवता वृत्तांत तल्यारखान यांनीं नभोवाणीवरून इंग्रजींत दिला आणि न पाहिलेला खेळ कानांनीं पाहतां येतो याची लोकांना गोडी लागली. धृतराष्ट्राला संजय भेटला तो असा. पुढें रणजी सामन्यांत महाराष्ट्राकडून खेळलेले बाळ ज. पंडित यांनीं आकाशवाणीवरून मराठींत समालोचन करून तीच गोडी घरोघर नेली. शेतांतला मोटकरी आणि माजघरांतली गृहिणी यांनाहि फलंदाज कोठें उभा आहे तें दिसूं लागलें. १९६२ सालीं 'महाराष्ट्र टाइम्स' सुरू झाला; त्यांत वि. वि. करमरकर यांनीं खेळासाठीं स्वतंत्र पान मिळविलें, तें नांवारूपास आणलें, आणि कबड्डी, खो-खो, कुस्ती यांनाहि त्या पानावर मानाची जागा दिली. २०२३ सालीं ते निवर्तले तेव्हां मराठी क्रीडा-पत्रकारितेचा मोठा आधारस्तंभ गेला, अशी सर्वत्र भावना झाली. इकडे कुस्तीच्या मैदानांतहि ध्वनिक्षेपकावरून समालोचन करण्याची प्रथा रुळली. मल्लाचें नांव, गांव, तालीम, वस्ताद आणि मागील कुस्त्या यांची साखळी मुखोद्गत असलेले समालोचक ही या खेळाची चालतीबोलती बखर होय. मात्र ती मुखांतच राहते, हाच तिचा दोष.

येथवरच्या मंडळींना विद्यापीठानें घडविलें नाहीं, हें उघड आहे. मग विद्यापीठाचा संबंध कोठें येतो? अमेरिकेंत मिसूरी विद्यापीठानें १९०८ सालीं पत्रकारितेचें स्वतंत्र विद्यालय काढलें, आणि १९१२ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत असेंच विद्यालय सुरू झालें. याच कोलंबिया विद्यापीठांत उच्च शिक्षण घेऊन आलेल्या डॉ. नानासाहेब परुळेकर यांनीं १९३२ सालीं पुण्यांत 'सकाळ' काढला आणि बातमी हें वृत्तपत्राचें मुख्य अंग होय, ही दृष्टि मराठींत रुजविली. हिंदुस्थानांत अ‍ॅनी बेझंट यांनीं अड्यार येथें १९२० च्या सुमारास पत्रकारितेचे पाठ सुरू केले. १९४१ सालीं लाहोरला पंजाब विद्यापीठानें तें शिक्षण हातीं घेतलें. १९५२ सालीं नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयांत पत्रकारितेचा विभाग उघडला. आणि १९६४ सालीं पुणें विद्यापीठाचा पत्रकारितेचा विभाग सुरू झाला. फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूट हें त्याचें घर. मराठी वृत्तपत्रांतील कित्येक बातमीदार आणि संपादक त्या वास्तूंतून बाहेर पडले.

त्याच सुमारास बारामतींतहि उच्च शिक्षणाचा पाया घातला जात होता. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ सालीं निघालें आणि १९७२ सालीं विद्या प्रतिष्ठानची स्थापना झाली. पदवीसाठीं पुण्याला खोली घेऊन राहण्याची सक्ती या भागांतील मुलांमुलींवरून उठली. परंतु ज्याला बातमीदारी शिकावयाची त्याची नजर पुष्कळ वर्षें पुण्याकडेच लागलेली राहिली. बारामतीहून पुणें शंभर किलोमीटरांच्या आसपास. इंदापूर त्याहूनहि दूर, सोलापूरच्या रस्त्यावर. एवढें अंतर तोडून गेलेला विद्यार्थी वार्तांकन, संपादन, कायदा आणि भाषा शिकतो. खेळ हा त्यांतला एक धडा असतो. ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेनें क्रीडा-पत्रकारितेचा निराळा अभ्यासक्रम चालविला, आणि ब्रिटनमध्यें तर अनेक विद्यापीठें या एकाच विषयाची पदवी देतात. पण मराठी मुलाला आपल्या मातीच्या खेळांवर, आपल्या भाषेंत लिहावयाला शिकवील असा सलग अभ्यास असावा, ही अपेक्षा अद्याप अपेक्षाच आहे.

या अपेक्षेवर एक जुना आक्षेप घेतला जातो. मँचेस्टरचे नेव्हिल कार्डस हे इंग्रजींतील श्रेष्ठ क्रिकेट-लेखक. गरिबींत वाढलेल्या या गृहस्थाची शाळा लहानपणींच सुटली होती. सार्वजनिक वाचनालय हेंच त्यांचें विद्यापीठ. तेव्हां प्रतिभा असेल तो लिहील, नसेल त्याला पदवी काय देणार, असें विचारलें जातें. परंतु कार्डस यांचें चरित्र नीट पाहिलें तर तें या आक्षेपाला फारसें पोषक नाहीं. त्यांनीं वर्षानुवर्षें नेमानें वाचन केलें, संगीताचा अभ्यास केला, एका शाळेंत क्रिकेटच्या शिक्षकाचा मदतनीस म्हणून काम केलें, आणि मग लेखणी चालविली. म्हणजे शिक्षण त्यांनीं टाळलें नाहीं; तें स्वतः कष्टानें मिळविलें. असा कार्डस शतकांतून एखादा निपजतो. जिल्ह्याजिल्ह्याला जे शेंकडों साधे, प्रामाणिक बातमीदार लागतात, त्यांना शिस्तीनें शिकविणें हेंच शहाणपणाचें.

त्यांना शिकवावयाचें काय? पहिली गोष्ट, खेळ स्वतः. कुस्तीवर लिहिणाऱ्यानें कांहीं महिने तरी पहाटे तालमींत जाऊन बसावें. मातीवरची कुस्ती आणि गादीवरची कुस्ती यांचे नियम निराळे. मातींत चितपटीवर निकाल, तर गादीवर गुणांचा हिशेब. हा भेद न समजणारा बातमीदार मल्लावर नकळत अन्याय करतो. दुसरी गोष्ट, भाषा. आखाड्यांतल्या प्रत्येक डावाला नेमका शब्द आहे. तो टाकून 'चपळाईनें डाव मारला' एवढेंच लिहिणें म्हणजे गवयाचा राग न ओळखतां 'गोड गायला' म्हणण्यासारखें आहे. तिसरी गोष्ट, नोंद. तारीख, स्थळ, मल्लाचें पुरें नांव, वस्ताद, वेळ, डाव आणि निकाल एवढ्या सात गोष्टी दर कुस्तीच्या मिळाल्या तरी पुढल्या इतिहासकाराचें काम होतें. आज हातोहातीं मोबाईल आहे आणि कुस्त्यांचीं चित्रें ढिगानें निघतात; पण तीं कोणाचीं, कोठलीं, कोणत्या वर्षींचीं हें लिहिलेलें नसेल तर वीस वर्षांनीं त्या चित्रांतलीं माणसें परकीं होतात.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड. ती म्हणजे निर्भयपणा. खेळांत पैसा आला कीं लबाडीहि येते. २००० सालीं दिल्ली पोलिसांच्या तपासांतून दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याचें सट्टेवाल्यांशीं असलेलें संधान उघडकीस आलें, तेव्हां कौतुकाशिवाय दुसरें कांहीं न लिहिणाऱ्यांची मान खालीं झाली. गांवच्या हगाम्यांतहि कुस्ती आधींच ठरवून लढविली गेल्याची कुजबूज कधींमधीं होते. ती खरी कीं खोटी हें पुराव्यानें ठरविणें, पुरावा नसेल तर गप्प बसणें, आणि असेल तर इनाम देणाऱ्या बड्या आसामीचीहि भीड न धरणें, हें उपजत येत नाहीं. त्याला कायद्याचें ज्ञान आणि गुरूचा धाक दोन्ही लागतात.

याखेरीज नव्या काळानें नवें कामहि पुढें ठेवलें आहे. १९६१ पासून चालत आलेल्या 'महाराष्ट्र केसरी'ची परंपरा पुरुष मल्लांची. मुलींची पहिली राज्य केसरी स्पर्धा सांगलीस २०२३ च्या मार्चमध्यें झाली आणि प्रतीक्षा बागडी हिनें ती जिंकली. ज्या आखाड्याच्या कडेला एके काळीं बायकांनीं उभें राहणेंहि प्रशस्त मानीत नसत, त्याच मातींत आज मुली लढत आहेत. त्यांच्या पहिल्या पिढीची कथा तिच्या डोळ्यांदेखत लिहिली गेली पाहिजे. ती लिहावयाला मुलीच पुढें आल्या तर अधिकच बरें. कारण घरच्या विरोधाची आणि पहांटेच्या भीतीची गोष्ट मल्ल मुलगी दुसऱ्या मुलीला जितक्या मोकळेपणानें सांगेल तितकी इतरांस सांगणार नाहीं.

२०२० च्या फेब्रुवारींत बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर क्रीडांगणावर रणजी करंडकाचा सामना झाला. त्यांतला प्रत्येक चेंडू नोंदला गेला आणि तो कायम राहील. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनीं चैत्राच्या यात्रांचे दिवस आले. त्या वर्षीं महामारीमुळें आखाडे ओस पडले. यात्रा पुन्हां भरूं लागल्यावर गांवोगांव लोकांना जाणवलें कीं मधल्या काळांत कित्येक जुने वस्ताद आणि जाणते प्रेक्षक निघून गेले, आणि त्यांच्या स्मरणांतल्या कुस्त्या विचारावयास आतां कोणी उरलें नाहीं.

ही हानि आणखी वाढूं द्यावयाची नसेल तर पुण्याच्या विद्यापीठानें मोठा अभ्यासक्रम आंखीपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं. बारामती आणि इंदापूर येथील महाविद्यालयांनीं इतकें करावें : यात्रांच्या हंगामांत मराठीच्या आणि इतिहासाच्या चार चार विद्यार्थ्यांना वही देऊन एकेका हगाम्यास पाठवावें, आणि दुसऱ्या दिवशीं गांवांतल्या सर्वांत वृद्ध मल्लाकडे नेऊन बसवावें. आदल्या दिवशींच्या कुस्त्या विद्यार्थ्यांनीं वाचून दाखवाव्या, वृद्धानें चुका काढाव्या, आणि बोलतां बोलतां स्वतःच्या तरुणपणींच्या कुस्त्या सांगाव्या. त्या वह्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत तारीखवार ठेवाव्या. दहा वर्षांत दोन तालुक्यांची बखर उभी राहील, आणि तिच्यावर हात बसलेले दोन-चार तरुण विद्यापीठाच्या दारांत उभे राहतील तेव्हां त्यांना खेळावर लिहावयाला विद्यापीठ कशाला, असें कोणी विचारणार नाहीं. वर्गणीच्या वहीशेजारीं दुसरी वही ठेवावयाची, एवढाच काय तो प्रारंभींचा खर्च आहे.